पंडिता रमाबाई व त्यांच्या घरांतील दुबळ्या लेकी

लातूरहून पुण्यास जाणारी आगगाडी कुर्डुवाडी व दौंड हीं स्टेशनें मागें टाकून पुढें निघाली, म्हणजे थोड्या वेळानें केडगांव नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांनीं तें खिडकींतून पाहिलें असेल. त्याच गांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. त्यांची विद्वत्ता, विधवांकरितां त्यांनीं केलेले श्रम, व पवित्र शास्त्राचें त्यांनीं केलेलें मराठी भाषांतर, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू फार थोडी सांगितली जाते. ज्यांचे डोळे, हातपाय किंवा बुद्धि दुबळी होती, जीं शिकून शहाणीं होतील अशी आशा नव्हती, व ज्यांची शुश्रूषा करून जगाच्या हिशेबीं कांहीं लाभ नव्हता, अशा माणसांसहि त्यांनीं आपल्या घरांत जागा दिली.

ही बाजू येथें सांगण्याचें कारण आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील आपल्या गांवांत, आपल्या मंडळींच्या घरांतहि, मंदबुद्धीचीं मुलें व मोठीं माणसें आहेत. पाहुणा आला म्हणजे त्यांपैकीं कित्येकांस आंतल्या खोलींत बसविण्यांत येतें. मंडळींच्या यादींत कोणाचें नांव असतें, कोणाचें नसतेंहि. अशांचें आपण काय देणें लागतों, हें समजण्यास रमाबाईंचें चरित्र फार उपयोगी आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या घाटांत, गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणें हें त्या काळीं पाप समजत. शास्त्रीबोवांनीं लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस तें शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं पहांटेस आपल्या धाकट्या मुलीस जवळ घेऊन तिला शिकविलें. पुढें तें कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर फिरूं लागलें. जवळचा पैसा संपला. अंगमेहनतीचें काम कोणास शिकविलेलें नव्हतें. अशांत दुष्काळ आला. भांडींकुंडीं व दागिने विकून झाले, व शेवटीं झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ सालीं वडील वारले, व त्यांच्या मागोमाग आईहि वारली.

आईच्या मरणाच्या वेळची एक गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहींत. प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी असल्यामुळें तिरडी खांद्यावर पेलेना, म्हणून तिनें ती डोक्यावर घेतली, व दूर अंतरावरील स्मशानापर्यंत वाहून नेली. वाहणारांत चौथें माणूस मिळालें नाहीं म्हणजे काय होतें, हें ती मुलगी सोळाव्या वर्षींच शिकली. त्यानंतर थोड्याच काळांत वडील बहीणहि गेली.

पुढें भावंडें पायीं फिरत फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं लग्न केलें. तो निराळ्या जातीचा व निराळ्या प्रांताचा होता. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीच्या रोगानें वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंत आईबाप, बहीण, भाऊ व पति इतक्यांचे मृत्यु त्यांनीं पाहिले. त्यांतील बहुतेक भुकेनें व औषधपाण्यावांचून झालेले होते.

रमाबाई तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८२ सालीं शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनापुढें त्यांची साक्ष झाली. स्त्रियांस शिक्षिका पाहिजेत, आणि तितक्याच गरजेनें स्त्री डॉक्टर पाहिजेत, असें त्यांनीं सांगितलें. परक्या पुरुषास नाडी दाखविण्यास लाजून कितीएक बायका दुखणें अंगावर काढून मरतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. स्वतः डॉक्टर व्हावें अशी इच्छा त्यांच्या मनांत धरली गेली, व त्याकरितां १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या.

वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठांत त्या उतरल्या. भगिनींनीं त्यांस लंडनजवळ फुलम येथील आपलें घर दाखविलें. ज्या बायकांस समाजानें बहिष्कृत केलें होतें, त्यांची सेवा त्या घरांत चाले. आपल्या देशांत ज्यांस कोणी दारांत उभें करीत नाहीं, त्यांस येथें बहीण म्हणून वागवितात, हें पाहून रमाबाईंच्या मनावर फार परिणाम झाला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा व लहान मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

परंतु ज्या कामाकरितां त्या गेल्या होत्या, तें काम झालें नाहीं. त्यांस ऐकूं कमी येत असे, आणि तें व्यंग वाढत चाललें होतें. छातीला कान लावून रोग्याचे ठोके ऐकणें डॉक्टरास आवश्यक. तेव्हां वैद्यकीचा अभ्यास त्यांस करितां येणार नाहीं असें ठरलें. ज्या स्त्रीनें अठरा हजार श्लोकांचें भागवत लहानपणीं पाठ केलें होतें, तिला कानांच्या दुबळेपणामुळें एक दार कायमचें बंद झालें. वाचकहो, ही गोष्ट लहान नाहीं. अंगांत उणीव असलेल्या माणसास जग कसें बाजूला सारतें, याचा अनुभव रमाबाईंस पुस्तकांतून घ्यावा लागला नाहीं.

१८८६ सालीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी या ता. ११ मार्च रोजीं तेथें डॉक्टरीची पदवी घेणार होत्या. तो समारंभ रमाबाईंनीं पाहिला. पुढच्याच वर्षीं आनंदीबाई पुण्यास येऊन क्षयानें वारल्या. एकीस पदवी मिळाली पण आयुष्य मिळालें नाहीं, दुसरीस आयुष्य मिळालें पण पदवी मिळाली नाहीं. आनंदीबाईंच्या समारंभास म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेंत राहिल्या, व तेथें त्यांनीं बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, पद्धति शिकून घेतली.

ही पद्धति जर्मन शिक्षक फ्रोबेल यानें काढिली. मुलास घोकंपट्टी न लावितां हातांत चेंडू, ठोकळे, कागद, माती देऊन, गाण्याच्या तालावर हातपाय हलवून, थोडें थोडें शिकवावें, हें तिचें सार आहे. मंदबुद्धीच्या मुलांस शिकविण्याचा मार्गहि त्याच काळीं यासारख्याच दिशेनें सांपडला. सेग्विन नांवाच्या फ्रेंच मनुष्यानें, ज्यांस डॉक्टरांनीं सोडून दिलें होतें अशा मुलांस पॅरिस येथें हाताच्या कामानें, स्पर्शानें व व्यायामानें शिकवून दाखविलें. पुढें तो अमेरिकेंत गेला, व तेथें अशा मुलांच्या शाळा निघण्यास त्याची मोठी मदत झाली. इटलींतील मादाम माँटेसरी यांनींहि आपलें काम रोम येथें मंदबुद्धीच्या मुलांपासूनच सुरू केलें, आणि त्यांत सेग्विनच्या पुस्तकांचा आधार घेतला. आज शहाण्या मुलांच्या बालवाड्यांत जीं साधनें आपण पाहतों, त्यांतील कित्येक प्रथम या दुबळ्या मुलांकरितां तयार झालेलीं आहेत. मंद मुलाकरितां सोसलेले कष्ट वायां जात नाहींत, हें यावरून दिसेल.

१८८९ सालीं रमाबाई परत आल्या. ता. ११ मार्च रोजीं मुंबईस चौपाटीवर त्यांनीं उच्चवर्णीय विधवांकरितां शारदासदन उघडिलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास हलविलें. तेथें बालोद्यानाचाहि वर्ग होता. कांहीं मुलींचें मन ख्रिस्ताकडे वळूं लागल्यावरून १८९३ सालीं मोठा गवगवा झाला, व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी काम थांबलें नाहीं. केडगांव येथें सुमारें १०० एकर जमीन त्यांनीं घेतली, व फळझाडें लाविलीं. पुढें काय येणार हें त्यांस ठाऊक नव्हतें.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. बातमी ऐकतांच रमाबाईंस आपलें बाळपण आठवलें. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि दुष्काळी छावण्यांतून व रस्त्यांतून सुमारें ३०० मुली व बायका घेऊन आल्या. त्या मुली कशा असतील याची कल्पना ज्यांनीं १९७२ चा मराठवाड्यांतील दुष्काळ पाहिला आहे, त्यांस थोडी तरी येईल. हाडांचे सांपळे, अंगावर खरूज व क्षतें, डोक्यांत उवा, मनांत भीति. कोणी अन्न पाहतांच हिसकून घेत, कोणी दिलेली भाकरी अंथरुणांत लपवून ठेवीत. पुण्यास त्याच वेळीं प्लेगची सांथ आली. इतक्या लोकांस शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली नाहीं. तेव्हां सर्वांस केडगांवच्या मोकळ्या शेतांत नेऊन राहुट्या व झोंपड्या घालून ठेविलें. त्या शेतांतील घराची स्थापना ता. २४ सप्टेंबर १८९८ रोजीं झाली, व त्यास मुक्तिसदन हें नांव पडलें. १८९९ व १९०० या सालीं गुजराथ व राजपुताना इकडे आणखी मोठा दुष्काळ पडला, तेव्हां मुक्तींतील माणसांची संख्या २,००० च्या घरांत गेली.

आतां मुख्य प्रश्न उभा राहिला. इतक्या आजारी व घाबरलेल्या जिवांची शुश्रूषा कोण करणार? पगारी परिचारिका ठेवण्यास पैसा नव्हता, आणि शिकलेल्या परिचारिका त्या काळीं देशांत फारशा नव्हत्याहि. रमाबाईंनीं आपल्या जुन्या मुलींकडे पाहिलें. शारदासदनांतील ज्या मुली स्वतः कधीं टाकलेल्या, मारलेल्या, उपाशी अशा आल्या होत्या, त्यांस त्यांनीं नव्या मुलींच्या सेवेस लाविलें. ब्राह्मणांच्या विधवा कोणत्याहि जातीच्या मुलीचें डोकें धुऊं लागल्या, क्षतें पुसूं लागल्या, व तिला शेजारीं घेऊन निजूं लागल्या. मोठीनें लहानीस सांभाळावें, हा त्या घराचा नियमच झाला. कालची रोगी आजची परिचारिका, हाच मुक्तीचा दवाखाना होता. अर्थात् सगळ्या वांचल्या नाहींत. दुष्काळानें ज्यांचें शरीर आंतून पोखरलें होतें, अशा पुष्कळ मुली आल्यावर थोड्याच दिवसांत वारल्या. परंतु त्या एकट्या मेल्या नाहींत.

ज्या वांचल्या त्यांतील सर्वच धडधाकट झाल्या नाहींत. लहानपणींची उपासमार शरीराप्रमाणें मेंदूचीहि वाढ खुंटविते, हें आज डॉक्टर सांगतात. शिवाय दुष्काळांत जें माणूस सर्वांत दुबळें तेंच प्रथम रस्त्यावर टाकिलें जातें. म्हणून रमाबाईंच्या दारीं आंधळ्या, पांगळ्या, म्हाताऱ्या, आणि बुद्धीनें मंद अशाहि आल्या. शाळा काढणारानें येथें निवड करावयाची असते. ज्या मुली शिकतील, ज्या शिक्षिका होतील, ज्यांच्यामुळें देणगीदारांस समाधान वाटेल, त्या ठेवाव्या, व बाकीच्यांस सरकारी अनाथगृहाकडे धाडावें, असें कोणीहि व्यवहारी माणूस सुचविता. रमाबाईंनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं घरांत घरें केलीं. वाट चुकलेल्या बायकांकरितां कृपासदन, म्हाताऱ्या व अशक्त यांकरितां प्रीतिसदन, आंधळ्यांकरितां बार्तीमी सदन, व मुलांकरितां सदानंदसदन. बुद्धीनें दुबळ्या असलेल्यांसहि त्याच कुटुंबांत ठेविलें. त्या आश्रित म्हणून नव्हे, तर लेकी म्हणून राहिल्या.

आंधळ्या मुलींस मनोरमाबाईंनीं उठावाच्या अक्षरांची ब्रेल लिपि शिकविली. ती विद्या त्यांनीं अमेरिकेंत असतां घेतली होती. बाकीच्यांकरितां मुक्तींत कामांचे अनेक प्रकार होते. शेत, गोठा, तेलाचा घाणा, धुलाई, भट्टी, विणकाम, शिवण, छापखाना. वाचतां न येणारीस निवडणें टिपणें येईल, तेंहि न येणारीस दुसरीबरोबर टोपली उचलतां येईल. घंटा वाजली कीं उठावें, ठरल्या वेळीं न्हावें, ठरल्या वेळीं जेवावें, ठरल्या वेळीं कामास लागावें, असा तेथील दिनक्रम होता. मंदबुद्धीच्या माणसास अशा नियमित दिवसाचा मोठा आधार वाटतो, कारण पुढें काय होणार हें त्याला सांगावें लागत नाहीं, तें त्याच्या अंगवळणीं पडतें.

रमाबाईंचा हात आपल्या बाजूसहि पोहोंचला होता. त्यांनीं व मनोरमाबाईंनीं गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढिली. गुलबर्गा तेव्हां नांदेड व लातूर यांप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतें.

शेवटचीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत घालविलीं. साध्या शेतकरी बाईस समजेल अशी मराठी असावी म्हणून त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. जी बाई पंडितांच्या सभेंत संस्कृतांत बोलत असे, ती म्हातारपणीं सर्वांत कमी शिकलेल्या वाचकाकरितां शब्द शोधीत बसली. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. त्या आईचे कान व उजवा हात होत्या. तें दुःख पोटांत घालून रमाबाईंनीं उरलेलें काम चालविलें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निजल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं छापून निघालें. मुक्तीचें काम आजहि केडगांवीं चालू आहे, व तेथें निराधार स्त्रिया, मुलें, अंध व दिव्यांग यांची काळजी घेतली जाते.

येथवर चरित्र झालें. आतां त्यापासून आपल्या गांवांनीं काय घ्यावें?

पहिली गोष्ट, मंदबुद्धि व वेड हीं एक नव्हेत. वेड हा आजार आहे. तो मोठेपणीं येतो व औषधानें उतरतोहि. मंदबुद्धि म्हणजे लहानपणापासूनच बुद्धीची वाढ कमी होणें. सरकारासहि हा भेद फार उशिरां समजला. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यांत दोघांस एकाच नांवाखालीं घातलें होतें. १९८७ च्या कायद्यानें मतिमंदांस त्यांतून वेगळें काढिलें, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत बौद्धिक दिव्यांगता स्वतंत्रपणें मोजिली आहे. हें ग्रहण पाहिल्यानें होत नाहीं, भूतबाधेनें होत नाहीं, व आईच्या पापानेंहि होत नाहीं. गरोदरपणीं आयोडीन कमी पडणें, बाळंतपणांत बाळाचा श्वास कोंडणें, जन्मतांच जोराची कावीळ, लहानपणीं मेंदूज्वर, हीं त्याचीं कांहीं कारणें होत. मामा-भाचीचें किंवा आतेमामे भावंडांचें लग्न आपल्याकडे पुष्कळ होतें, त्यानेंहि आनुवंशिक दोषाचा धोका वाढतो. कित्येकदां कारण सांपडतच नाहीं. म्हणून आयोडीनचें मीठ, दवाखान्यांतील बाळंतपण व वेळेवर लशी यांचा आग्रह उपदेशकांनीं व बायबलबायांनीं धरावा. देवऋष्याकडे नेण्यांत पहिलीं वर्षें जातात, आणि शिकविण्यास तींच वर्षें सर्वांत मोलाचीं असतात.

दुसरी गोष्ट, शुश्रूषा ही विद्या आहे, व ती साध्या घरांतहि शिकतां येते. अशा पुष्कळ माणसांस गिळण्याची शक्ति कमी असते. त्यांस आडवें ठेवून भरवूं नये. बसवून, मान किंचित पुढें ठेवून, लहान घांस द्यावा, व एक घांस उतरल्यावर दुसरा द्यावा. अन्न श्वासनळींत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियानें अशीं कितीतरी माणसें दगावतात. त्यांस दुखतें तें सांगतां येत नाहीं. शांत मूल एकाएकीं डोकें आपटूं लागलें किंवा चावूं लागलें, तर त्याला मारण्यापूर्वीं त्याचे दांत, कान व पोट पाहावें. बहुधां तेथें दुखणें सांपडतें. फेफरें आलें असतां कांदा किंवा वहाण हुंगवूं नये, तोंडांत चमचा घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कपडा द्यावा, व घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. फेफऱ्याचें औषध बरें वाटलें म्हणून एकाएकीं बंद करूं नये. दांवणीस जनावर बांधावें तसें मनुष्यास बांधून ठेवणें हें तर कोणत्याहि कारणानें योग्य नाहीं. आणि मुलगी वयांत आली असतां तिला न्हाणें, कपडा घेणें, व परक्यानें अंगास हात लाविल्यास ओरडणें, हीं तीन कामें रोज करून दाखवून शिकवावीं. शंभर वेळां शिकवावें लागलें तरी शिकवावें.

तिसरी गोष्ट, दवाखान्यावर अशा माणसाचाहि इतरांइतकाच हक्क आहे. हा असाच आहे, याला औषध कशाला, असें कोणी म्हटल्यास ऐकूं नये. बुद्धि वाढविण्याचें औषध नसेल, परंतु ताप, क्षय, दांत, हृदय व थायरॉइड यांचीं औषधें आहेत, आणि तीं यालाहि लागू पडतात. अंगणवाडींत व शाळेंत मुलांची तपासणी करण्यास येणाऱ्या सरकारी पथकास असें मूल अवश्य दाखवावें. दिव्यांगत्वाच्या दाखल्याकरितां सरकारी रुग्णालयांत जावें. नांदेडास विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाचें, व लातुरास विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेचें मोठें सरकारी रुग्णालय आहे. दाखला मिळाल्यावर निरामय योजनेंतून वर्षास १ लाख रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च मिळूं शकतो. अक्षरओळख नसलेल्या आईस हे कागद करून देणें, हें उपदेशकाचें काम समजावें.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे. अशा मुलाच्या आईस सुटी नसते. शेतांत जावें तर मूल कोणाजवळ ठेवावें? मंदिरांत यावें तर तें मध्येंच ओरडेल अशी भीति. वीस वर्षें, तीस वर्षें ती हें ओझें एकटी वाहते, आणि आपल्या मागें याचें काय होईल या एका विचारानें रात्रीं जागी राहते. तिची ही चिंता उपदेशानें जाणार नाहीं. मंडळींतील चार घरांनीं आठवड्यांतून एकेक दिवस वांटून घेतला, तर ती जाईल. रमाबाईंच्या घरांत एका दुबळीस दुसरी दुबळी सांभाळीत होती, आणि त्या दोघींसहि त्यामुळें बळ येत होतें. आपण तर त्यांहून पुष्कळ सशक्त आहों.

पक्षघात झालेल्या मनुष्यास चौघांनीं खाटेवर उचलून येशूपाशीं आणिलें, ही गोष्ट आपल्या शब्बाथशाळेंतील लहान मुलांसहि पाठ आहे. त्या चौघांचीं नांवें शास्त्रांत नाहींत. रमाबाई लहानपणीं आपल्या आईच्या तिरडीला चौथें माणूस झाल्या, आणि पुढें जन्मभर, जेथें चौथें माणूस कमी पडत होतें, तेथें जाऊन त्या उभ्या राहिल्या. आपल्या गांवांतील एखाद्या घरीं आज एक आई, एक बाप व एक म्हातारी आजी मिळून अशी खाट धरून उभीं असतील. येत्या रविवारीं उपासना संपल्यावर घरीं जाण्यापूर्वीं त्या घराची वाट धरावी, व आंतल्या खोलींत बसविलेल्या त्या माणसाचें नांव विचारून तें मंडळींच्या यादींत लिहावें.